लहान संकेतस्थळाची नोंद ऑनलाइन डिरेक्टऱ्यांमध्ये करावी का, आणि केली तर कुठे?

वायगावकरीण

नमस्कार मंडळी.

समुद्रपूर तालुक्यातील आमच्या महिला बचत गटाचे एक छोटे संकेतस्थळ आहे. गटातील बाया आपापल्या वावरातली हळद उकळून, वाळवून, पॉलिश करून आणतात आणि हळकुंडे व दळलेली पूड अशा दोन्ही प्रकारांत आम्ही ती विकतो. संकेतस्थळ माझ्या भाच्याने तयार करून दिले. डॉट इन पत्त्याचे आणि होस्टिंगचे पैसे गटाच्या खात्यातून जातात, त्यामुळे तो खर्च मंजूर करताना दरवेळी बैठकीत विचारणा होते की या संकेतस्थळावरून नेमके कोण येते आणि किती माल जातो. आजही बहुतेक मागणी व्हॉट्सॲपवर, ओळखीतून किंवा वर्धा-नागपूरच्या प्रदर्शनांतून येते.

अलीकडे एका कंपनीचा फोन आला. एकदाच ठरावीक रक्कम भरली तर ते आमचे संकेतस्थळ शेकडो ऑनलाइन डिरेक्टऱ्यांमध्ये नोंदवून देतील आणि त्यामुळे गूगलवर आम्ही वर येऊ, असे त्यांचे म्हणणे आहे. रक्कम आमच्यासारख्या गटाला लहान नाही. अशा नोंदणीचा खरोखर उपयोग होतो का? होत असेल तर ती आपली आपल्याला करता येते का, आणि सुरुवात कुठून करावी? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अंबानगरी

ताई, त्या कंपनीला तूर्त नकार कळवा. त्याचे कारण थोडे मागे जाऊन सांगतो, म्हणजे बैठकीत तुम्हालाही ते मांडता येईल.

१९९४ साली जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याहू सुरू केले, तेव्हा ती विषयवार लावलेली संकेतस्थळांची यादी होती. १९९८ मध्ये डीमॉझ या नावाने ओळखली जाणारी खुली डिरेक्टरी आली. तिचे काम जगभरचे स्वयंसेवक पाहत, आणि गूगलने काही वर्षे जी स्वतःची डिरेक्टरी चालवली तीही डीमॉझच्याच नोंदींवर उभी होती. त्या काळी लोक खरोखर या याद्या उघडून संकेतस्थळे शोधत. शिवाय एखाद्या पानाकडे कोणकोणत्या पानांवरून दुवे येतात यावर गूगलची क्रमवारी बरीचशी ठरत असल्यामुळे चांगल्या डिरेक्टरीतील एका दुव्यालाही वजन असे. हे पाहून पुढे असंख्य डिरेक्टऱ्या निघाल्या, ज्यांत वाचायला कोणीच येत नव्हते; दुवे देणे आणि विकणे एवढाच त्यांचा धंदा होता. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि असे दुवे जमवणारी संकेतस्थळे निकालांत खाली गेली. २०१६ मध्ये ही पद्धत आणखी बदलली आणि तेव्हापासून असे दुवे मुख्यतः हिशेबातूनच वगळले जातात. याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी बंद झाली, आणि गूगलच्या आजच्या नियमावलीत निकृष्ट डिरेक्टऱ्यांतील दुवे हे गैरप्रकाराचे उदाहरण म्हणून स्पष्टपणे दिलेले आहे. फोन करणारी कंपनी तुम्हाला जे विकते आहे ते हेच.

अशा कामासाठी सॉफ्टवेअर मिळते. त्यात तुमचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि एकच ठरलेले वर्णन भरले की ते एका दमात सगळीकडे पाठवले जाते. दुवे गणले जात नाहीत, माणसे येत नाहीत, पण मोबाइल क्रमांक मात्र अनोळखी ठिकाणी कायमचा पडून राहतो. उद्या क्रमांक बदलला तर त्यांतील नोंदी तुम्हाला दुरुस्तही करता येणार नाहीत, कारण खाती दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने उघडलेली असतात.

याचा अर्थ सगळ्याच डिरेक्टऱ्या टाकाऊ आहेत असा मी मुळीच लावत नाही. माझ्या कामात मी एकच कसोटी लावतो: आपले गिऱ्हाईक त्या ठिकाणी स्वतःहून काही शोधायला जाते का? जात असेल तर तिथे नोंद असलीच पाहिजे, मग त्या दुव्याचा क्रमवारीला फायदा होवो अथवा न होवो. एखाद्या डिरेक्टरीबद्दल शंका असेल तर गूगलच्या शोधचौकटीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, त्यापुढे अपूर्णविराम देऊन, जागा न सोडता त्या डिरेक्टरीचा पत्ता टाका. गूगललाच त्या डिरेक्टरीची पाने ठाऊक नसतील तर तिच्यात नोंद करण्यात वेळ घालवू नये.

हीच तपासणी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर करा. नंतर गूगल सर्च कन्सोलवर (आपली कोणती पाने गूगलकडे दाखल आहेत हे मालकाला दाखवणाऱ्या साधनावर) खाते उघडून मालकी सिद्ध करा आणि साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांची यादी, जमा करा. हे सगळे विनामूल्य आहे. बिंग या दुसऱ्या शोधयंत्राचीही अशीच सोय आहे आणि तिथे सर्च कन्सोलमधील माहिती थेट आणता येते. पाने शोधयंत्राच्या दप्तरी दाखलच नसतील तर बाहेरच्या नोंदींनी काय होणार?

वैनगंगाकाठ

वरील माहितीशी मी पूर्ण सहमत आहे. भंडाऱ्याला शिक्षक असताना त्या खुल्या डिरेक्टरीच्या मराठी विभागात संपादक म्हणून मी काही काळ काम केले आहे, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो.

संपादकासमोर नोंद आली की तो प्रथम संकेतस्थळ उघडून पाही. आतला मजकूर मूळचा आहे का, तो अर्धवट तर नाही, आणि ज्या विभागात नोंद मागितली आहे तोच सर्वांत योग्य विभाग आहे का, एवढे पाहून मग वर्णन तपासले जाई. वर्णनात स्वतःची स्तुती चालत नसे. आज डीमॉझ नाही (तिच्या संपादकांपैकी काहींनी कर्ली या नावाने ती यादी पुढे चालू ठेवली आहे), पण तिथल्या वर्णनाच्या शिस्तीचा उपयोग मला आजही प्रत्येक ठिकाणी होताना दिसतो. मग तो नकाशा असो, व्यापारी सूची असो की एखाद्या प्रदर्शनाची माहितीपुस्तिका असो.

उदाहरण देतो. पुष्कळ जण असे लिहितात: ‘विदर्भातील नंबर एक, सर्वोत्तम, शुद्ध, अस्सल, स्वस्त हळद, हळद पावडर, हळद ऑनलाइन, हळद वर्धा.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि तपासणारा माणूस असो वा यंत्र, दोघांनाही त्यातला शब्दांचा भडिमार तेवढा दिसतो. त्याऐवजी असे लिहून पाहा: ‘वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील महिला बचत गटाने स्वतःच्या शेतात पिकवून गावातच दळलेली हळद. हळकुंडे आणि पूड, पाव किलोपासून. टपालाने महाराष्ट्रभर पाठवणी. हंगामात जागेवर येऊनही खरेदी करता येते.’ यात हळद हा शब्द एकदाच आला आहे, पण गाव, कोण करते, काय मिळते, किती मिळते आणि कसे मिळते हे सगळे आले. माप व पाठवणीचा तपशील अर्थातच तुमचा तुम्ही घाला.

असे एक वर्णन दोन-तीन ओळींचे आणि एक परिच्छेदभर लांबीचे, दोन्ही मराठी व इंग्रजीत लिहून ठेवावे. गटातील दोघी-तिघींनी ते मोठ्याने वाचून पाहावे. जे वाक्य वाचताना अवघडल्यासारखे वाटेल ते काढून टाकावे.

वायगावकरीण

आपण दोघांनीही इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. भाच्याला फोन लावून सर्च कन्सोल उघडले. मुखपृष्ठ आणि संपर्काचे पान एवढेच गूगलकडे दाखल आहे. विक्रीचे पान दिसतच नाही. त्या पानावर प्रदर्शनासाठी छापलेल्या आमच्या फलकाचे छायाचित्र आहे आणि भाव, वजन, हळदीची माहिती सगळे त्या चित्रातच आहे. याचा संबंध असू शकतो का?

अंबानगरी

संबंध आहे, आणि मोठा आहे. फलक माणसाला वाचता येतो. शोधयंत्राला मात्र त्या पानावर जवळजवळ कोरा कागद दिसतो. चित्रातील अक्षरे ओळखण्याचे तंत्र आता बरेच पुढे गेले असले तरी त्याच्या भरवशावर विक्रीचे पान ठेवू नये. फलकावरील सगळा मजकूर त्या पानावर युनिकोड मराठीत (कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) टंकून घ्या. हळकुंडे आणि पूड यांची वेगवेगळी पाने करा, प्रत्येक पानाला स्वतंत्र शीर्षक द्या आणि मुखपृष्ठावरून त्या पानांकडे जाणारे दुवे ठेवा. चित्रात काय आहे हे शब्दांत सांगणारा पर्यायी मजकूर लिहायची जागा असते, तीही भरा. फोनवर काढलेले छायाचित्र जसेच्या तसे चढवले तर ते फार जड होते; आपल्या गावांत एक-दोन काड्यांच्या रेंजवर ते उघडेपर्यंत माणूस परत फिरतो. म्हणून आकार कमी करूनच चढवावे.

हे झाल्यावर सर्च कन्सोलमध्ये त्या पानांचे पत्ते टाकून पुन्हा तपासणीची विनंती करा. बाहेरच्या नोंदी त्यानंतर.

मोहर्लीचा_मुक्काम

ताई, मी ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळ घरगुती निवास चालवतो. आमचा व्यवसाय वेगळा असला तरी अडचणी त्याच आहेत, म्हणून लिहितो.

आमच्याकडे जे पाहुणे अनोळखी म्हणून येतात त्यांतील बहुतेक नकाशावरून येतात. गूगल बिझनेस प्रोफाइल ही गूगलच्या नकाशावर व्यवसाय दाखवणारी नोंद विनामूल्य आहे आणि माझ्या मते खेड्यातील कोणत्याही व्यवसायाने सर्वांत आधी करायची नोंद हीच. मात्र खेड्यात ती करताना पत्त्याचा गोंधळ फार होतो आणि त्याविषयी कोणी नीट सांगत नाही. शहरात घर क्रमांक, रस्ता, चौक असा पत्ता असतो. आपल्याकडे ‘मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा’ एवढाच असतो. एका पोस्टाखाली अनेक गावे येत असल्यामुळे पिन कोड टाकला की अर्जात आपल्या गावाऐवजी पोस्टाच्या गावाचे नाव आपोआप येते, आणि नकाशावरची खूण कधी तालुक्याच्या ठिकाणी, तर कधी भलत्याच शेतात जाऊन पडते. आमची खूण सुरुवातीला अशीच दूर पडली होती आणि पाहुणे रात्री तिकडे जाऊन फोन करत. म्हणून पत्ता लिहून झाल्यावर ती खूण बोटाने ओढून, उपग्रहाचे चित्र लावून, नेमक्या छपरावर आणून ठेवा. त्या जागेचा प्लस कोड, म्हणजे नकाशावरील नेमके ठिकाण सांगणारा छोटा संकेत, मिळतो, तोही संकेतस्थळाच्या संपर्क पानावर लिहा. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत ‘जिल्हा परिषद शाळेसमोर’ यासारखी खूण लिहायला हरकत नाही, पण व्यवसायाच्या नावात ती घुसवू नये. नाव हे पाटीवर जसे आहे तसेच असावे. नावापुढे ‘ताडोबातील सर्वोत्तम स्वस्त निवास’ अशी शेपूट लावलेल्या नोंदी नियमात बसत नाहीत आणि तक्रार झाल्यास त्या स्थगित होऊ शकतात.

पडताळणीसाठी पूर्वी बहुधा टपालाने कार्ड येई. आता अनेकदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, पाटी, आतली जागा आणि ती जागा तुमच्या ताब्यात आहे हे दिसले पाहिजे, उदाहरणार्थ कुलूप उघडताना किंवा यंत्र चालू करताना. व्हिडिओ एका सलग चित्रणात हवा, म्हणून रेंज चांगली असेल अशा वेळी आणि उजेडात तो करावा. पाटी नसेल तर आधी ती रंगवून घ्या. वाटेवरून जाणाऱ्यालाही तिचा उपयोग होतो.

नोंद झाली म्हणजे काम संपले असे नाही. ताडोबाचा गाभा क्षेत्रातील पर्यटनाचा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, तेव्हा आम्ही आमच्या वेळा बदलून तसे लिहितो, नाही तर पावसात लांबून आलेल्या माणसाचा हिरमोड होतो. तुमच्याकडेही दळण हंगामापुरतेच असेल तर तसे लिहून ठेवा. अभिप्रायांना उत्तरे द्या, विशेषतः नाराज अभिप्रायांना, आणि कोणाकडूनही पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय लिहून घेऊ नका.

आमच्या व्यवसायासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची ‘निधी’ नावाची निवास व्यवसायांची नोंदणी आणि राज्य शासनाची न्याहारी व निवास योजना यांचा उपयोग होतो, कारण त्या यादीत नाव असल्यावर पाहुण्याचा विश्वास बसतो. हळदीला त्या लागू नाहीत, पण तुमच्या क्षेत्रात तशा सरकारी याद्या असतील तर त्यांना खासगी डिरेक्टऱ्यांच्या आधी स्थान द्या, एवढेच सुचवतो.

वायगावकरीण

भाऊ, पत्त्याविषयी तुम्ही जे लिहिले ते आमच्या गावाला तंतोतंत लागू आहे. एक अडचण मात्र आहे. आमचे दळण आणि पॅकिंग एका सदस्येच्या घरामागच्या शेडमध्ये चालते. त्या घराचा पत्ता सगळ्या जगाला दिसावा हे तिच्या घरच्यांना रुचणार नाही आणि मलाही ते योग्य वाटत नाही. शिवाय आमचे संकेतस्थळ हे मुख्यतः टपालाने माल पाठवण्यासाठी आहे. मग नकाशावर नोंद करता येईल का?

मोहर्लीचा_मुक्काम

गिऱ्हाईक प्रत्यक्ष येऊन माल घेत असेल, किंवा तुम्ही स्वतः त्याच्या दारी माल पोहोचवत असाल, तरच ही नोंद करता येते. निव्वळ ऑनलाइन विक्रीसाठी ती नाही. तुम्ही समुद्रपूर, हिंगणघाट, वर्धा असा माल स्वतः नेऊन देत असाल तर पत्ता झाकून केवळ सेवाक्षेत्र दाखवण्याची सोय आहे. दुसरा मार्ग असा की गटाला ग्रामपंचायतीने किंवा ग्रामसंघाने एखादी खोली दिलेली असेल आणि तिथे ठरावीक वेळी खरोखर विक्री होत असेल, तर पाटी लावून त्या जागेची नोंद करावी. सदस्येच्या घराची नोंद तिच्या संमतीवाचून अजिबात करू नये.

पूर्णाकाठ

मी अकोल्यात लहान उद्योगांचे हिशेब आणि नोंदण्या पाहतो. व्यापारी सूचींबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून तेवढेच लिहितो.

आपल्या देशात या कामातली जुनी नावे म्हणजे जस्टडायल, इंडियामार्ट आणि ट्रेडइंडिया. तिन्ही १९९६ च्या आसपासच्या. जस्टडायल फोनवरून माहिती देणारी सेवा म्हणून वाढली आणि तिचा भर शहरातील सेवांवर आहे. नागपुरात नळदुरुस्ती करणाऱ्याला तिचा जितका उपयोग होईल तितका समुद्रपूर तालुक्यातील हळदीला होणार नाही. इंडियामार्ट आणि ट्रेडइंडिया ही मुख्यतः घाऊक व्यवहाराची ठिकाणे आहेत. तिथे प्राथमिक नोंद विनामूल्य होते आणि जास्त चौकश्या हव्या असतील तर पैसे भरून सदस्यत्व घ्यावे लागते. तिथला खरेदीदार क्विंटलने आणि टनाने विचारतो, कुरकुमिनचे (हळदीतील पिवळ्या घटकाचे) प्रमाण विचारतो, प्रयोगशाळेचा अहवाल मागतो. ताईंचा गट पाव किलोची पाकिटे विकत असेल तर त्या चौकश्यांना उत्तरे देण्यातच त्यांचा दिवस जाईल. उलट पुढच्या हंगामात चार-पाच गट एकत्र येऊन घाऊक माल काढणार असतील तर तिथली विनामूल्य नोंद आजच करून ठेवावी. किरकोळ की घाऊक, हे आधी बैठकीत ठरवा आणि मगच सूची निवडा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी हा प्रश्न स्वतःला विचारलेलाच नसतो.

पैसे भरायची वेळ आली तर मुदत किती, ती आपोआप वाढते का, आणि खात्यातून परस्पर रक्कम वळती करण्याची संमती त्या अर्जात दडलेली आहे का, हे वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्या एका अशिलाचे पैसे एका सूचीने दुसऱ्या वर्षी न विचारता वळते केले आणि ते परत मिळवण्यास फार पत्रव्यवहार करावा लागला.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ही डिरेक्टरी नाही, पण तिचा उल्लेख करतो, कारण अनेक ठिकाणी तिचा क्रमांक मागतात. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्या नावासारखी नावे घेऊन शुल्क उकळणारी संकेतस्थळे आहेत, त्यांपासून सावध राहा. खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांकही पाकिटावर आणि संकेतस्थळावर दोन्हीकडे असावा. नोंद तपासणारे तो पाहतात.

सातपुडा

मेळघाटातून लिहितो आहे. आमचा गट मध विकतो. दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली भौगोलिक मानांकनाची, म्हणजे ठरावीक भागातल्या खास मालाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाची. वायगाव हळदीला २०१६ मध्ये हे मानांकन मिळाले, त्याच वर्षी भिवापूर मिरचीलाही. १९९९ च्या कायद्यानुसार हे नाव वापरण्याचा अधिकार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेल्या उत्पादकांना असतो, आणि वापरकर्ता म्हणून नोंद चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात होते. तुमच्या सदस्यांची अशी नोंद असेल तर प्रत्येक वर्णनात ती आवर्जून लिहा, कारण दूरचे गिऱ्हाईक नेमके तेच नाव टाकून शोधते. नसेल तर मानांकनाचा दावा कुठेही करू नका. गावाचे, तालुक्याचे नाव खरे आहे तसे लिहा आणि दरम्यान नोंदणीच्या मागे लागा. माझ्या मते तुमच्या संकेतस्थळासाठी या नोंदणीइतकी मोलाची दुसरी नोंद नाही.

दुसरी गोष्ट जवळच्या दुव्यांची. कृषी विज्ञान केंद्र, तुम्ही भाग घेतलेल्या प्रदर्शनाचे आयोजक, तुमच्या हळदीवर लिहिणारा एखादा पाककृतींचा ब्लॉग, यांच्या पानावर तुमच्या संकेतस्थळाचा एक दुवा असला तर तिथून येणारा माणूस हळद घेण्याच्या विचाराने येतो. आम्ही प्रदर्शनानंतर आयोजकांना पत्र लिहून सहभागींच्या यादीत संकेतस्थळाचा पत्ता घालण्याची विनंती करतो, आणि ते बहुधा मान्य करतात. ‘तू माझा दुवा लाव, मी तुझा लावतो’ अशी देवाणघेवाण मात्र सरसकट करू नये. विकिपीडियावरही स्वतःचा दुवा टाकू नका. तो ज्ञानकोश आहे, तिथे असे दुवे काढले जातात, आणि तिथल्या बाहेरच्या दुव्यांना शोधयंत्रासाठी ‘नोफॉलो’ (हा दुवा क्रमवारीसाठी धरू नये) ही खूण लावलेली असल्यामुळे क्रमवारीसाठीही त्यांचा उपयोग नसतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर मात्र गावातील रस्ते, शाळा, पाणवठे आणि तुमचे विक्रीकेंद्र कोणालाही नोंदवता येते. पुष्कळ ॲप तो नकाशा वापरतात आणि आमच्या पाड्यांकडचे कित्येक रस्ते आम्ही स्वतःच त्यावर काढले आहेत.

वायगावकरीण

सर्वांचे प्रतिसाद छापून घेतले आणि बैठकीत वाचून दाखवले. कंपनीला नकार कळवला आहे. विक्रीची पाने टंकून झाली. ग्रामसंघाची खोली आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी विक्रीसाठी मिळणार आहे, तिथे पाटी लावून नोंद करू. मानांकनाच्या वापरकर्ता नोंदणीबद्दल कृषी सहायकांकडे चौकशी सुरू केली आहे. काही सदस्यांची कागदपत्रे झालेली आहेत, काहींची नाहीत.

आता लिहिताना एक प्रश्न उभा राहिला. इंग्रजीत गावाचे नाव कोणी डब्ल्यूने लिहिते, कोणी व्हीने. गटाचे नाव बँकेच्या पासबुकावर एक आहे, पाकिटावर थोडे वेगळे आहे. मोबाइल क्रमांकही दोन आहेत. नोंदीत काय लिहावे? आणि आलेले गिऱ्हाईक कोणत्या नोंदीवरून आले हे कसे कळेल?

अंबानगरी

नाव, पत्ता आणि फोन या तीन गोष्टी सगळीकडे अक्षरशः सारख्याच असल्या पाहिजेत. निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकाच व्यवसायाच्या आहेत हे शोधयंत्र त्यावरूनच ओळखते. इंग्रजी स्पेलिंग सरकारी कागदावर, म्हणजे टपाल खात्याच्या यादीत किंवा मानांकनाच्या प्रमाणपत्रावर जे आहे तेच धरा. दुसरे स्पेलिंग संकेतस्थळावरील ‘आमच्याविषयी’ या पानाच्या मजकुरात एकदा सहज येऊ द्या, म्हणजे तसे शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडाल. पाकिटावर जे नाव आहे तेच नोंदीत द्या, कारण गिऱ्हाईक पाकीट हातात घेऊन शोधते. पासबुकावरचे नाव बिलापुरते ठेवा. संकेतस्थळाचा पत्ताही एकाच रूपात द्यावा. एकीकडे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेला आणि दुसरीकडे न लावलेला असे करू नये.

हे सगळे एका कागदावर लिहून गटाच्या दप्तरात ठेवा आणि त्याखाली प्रत्येक नोंद कुठे केली, कोणत्या ईमेलवरून केली, तारीख काय, हे लिहीत जा. सर्व नोंदी गटाच्या ईमेलवरूनच करा, भाच्याच्या नव्हे. तो उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा फोन बदलला, की पडताळणीचा सांकेतिक क्रमांक त्याच्याकडे जाईल आणि तुमच्या खात्याचे दार तुमच्यासाठीच बंद होईल. आमच्या कामात सर्वांत जास्त अडलेली प्रकरणे याच कारणाची असतात. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या डॉट इन पत्त्याची, नोंदही गटाच्या नावावर आहे ना, तेही याच बैठकीत पाहून घ्या.

मोजणीसाठी, प्रत्येक नोंदीत दुवा देताना त्याच्या शेवटी यूटीएम खुणा (माणूस कुठून आला हे सांगणारे जादा शब्द) जोडता येतात, म्हणजे गूगल ॲनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनात कोणत्या नोंदीवरून किती जण आले ते वेगळे दिसते. जिथे दुव्यात असे बदल चालत नाहीत तिथे ती सूची ‘संदर्भ’ या सदरात तशीही दिसते.

वैनगंगाकाठ

यंत्राची मोजणी करावीच, पण तुमच्याइतक्या लहान विक्रीत फोन उचलणाऱ्या सदस्येने ‘आमची माहिती तुम्हाला कुठे मिळाली?’ एवढे विचारून वहीत लिहिणे अधिक भरवशाचे ठरेल. पुष्कळ लोक नकाशावर नंबर पाहून थेट फोन करतात, संकेतस्थळ उघडतच नाहीत. त्यांचा हिशेब ॲनालिटिक्समध्ये कधीच येत नाही, आणि मग संकेतस्थळाचा किंवा नोंदीचा उपयोग नाही असा निष्कर्ष बैठकीत निघतो. एक पूर्ण हंगाम, हळद निघण्यापासून दिवाळीपर्यंत, तरी ही वही ठेवा आणि त्याआधी कोणतीही नोंद चांगली किंवा वाईट ठरवू नका.

वायगावकरीण

वही घातली आहे. शेवटची एक विचारणा. गटाचे नाव शोधताना एका अनोळखी सूचीत आमची नोंद आधीच सापडली. ती आम्ही केलेली नाही. त्यात माजी अध्यक्षांचा जुना मोबाइल क्रमांक आहे. ती काढून टाकायची कशी?

अंबानगरी

काढण्याआधी ती ताब्यात घेण्याचा प्रयत्न करा. अशा पानावर बहुधा ‘हा व्यवसाय तुमचा आहे का?’ अशा अर्थाचा दुवा असतो. तिथे गटाच्या ईमेलने खाते उघडून क्रमांक दुरुस्त करा. मात्र पडताळणीचा संदेश जुन्याच क्रमांकावर जाणार असेल तर माजी अध्यक्षांना शेजारी बसवूनच हे करा. ताबा देण्यासाठी पैसे मागितले तर भरू नका. ‘संपर्क’ किंवा ‘तक्रार’ या पानावरून, चुकीचा क्रमांक, बरोबर क्रमांक आणि त्या पानाचा पूर्ण पत्ता देऊन दुरुस्तीची लेखी मागणी करा आणि तिची प्रत ठेवा. वैयक्तिक मोबाइल क्रमांक संमतीशिवाय छापला असल्यामुळे तो काढण्याची मागणी माजी अध्यक्षांनी स्वतःच्या नावानेही करावी. क्रमांक त्या पानावरून निघाल्यावरही गूगलच्या निकालात काही दिवस जुनाच मजकूर दिसत राहतो. त्यासाठी गूगलचे कालबाह्य मजकूर हटवण्याचे स्वतंत्र साधन आहे, त्यात त्या पानाचा पत्ता टाकला की निकाल ताजा होतो.